मोकळं रान

फार जुनी गोष्ट आहे. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त ऐका. कारण ही चूक मुलांनी केलेली नाही.

एका उजाड डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. घरटी दोनतीन गुरं होती. म्हाळू नावाचा गुराखी सकाळी सगळी गुरं डोंगरावर न्यायचा आणि दिवेलागणीला परत आणायचा. त्याला स्वतःचं शेत नव्हतं, दोन शेळ्या तेवढ्या होत्या.

गावात एक रीत होती. ज्वारीचं शेवटचं कणीस घरी गेलं की पाटील वेशीवर उभे राहून सांगायचे, ‘रान मोकळं झालं.’ मग बांधावरच्या काट्या बाजूला व्हायच्या आणि कुणाचंही जनावर कुणाच्याही शेतात चरायचं. रीत चांगली होती. ज्याला शेत नाही, त्याचंही जनावर त्या दिवसांत पोटभर खायचं.

त्या देशाच्या राजाकडे परमुलखातून एक नवं गवत आलं होतं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहावं, असं उंच, रसाळ गवत. राजा मनानं चांगला होता. दिवाळी सरता सरता त्यानं त्या गवताच्या ठोंबांची एक गाडी गावात पाठवली. गाडीबरोबर आलेल्या कारभाऱ्यानं ठोंब कसे लावायचे, पाणी कसं द्यायचं, सगळं सांगितलं. गावानं माना डोलावल्या, गाडी रिकामी केली आणि घरी नेऊन ठोंबांची कुट्टी करून गुरांना घातली. फुकट आलेला चारा होता, एका दिवसाची सोय झाली.

लावलं फक्त भिवरानं. ती शहाणी होती म्हणून नव्हे. तिच्या तांबूचा मागचा पाय अधू होता आणि ती गाय डोंगर चढू शकत नव्हती. भिवराला ना नवरा, ना मूलबाळ. तांबूचं दूध घालायचं आणि बदल्यात ज्वारी आणायची, यावर तिची चूल पेटत होती. तांबू गेली असती तर भिवराही गेलीच असती. गरज असली की माणूस नवं ते लवकर शिकतो, एवढंच.

तिनं आपल्या तुकड्यात दोन वाफे लावले. विहिरीवरून घागरी वाहून पाणी घातलं. चारपाच ठोंब उरले, ते दारातल्या मोरीच्या पाण्यावर खोचले. माघापर्यंत वाफ्यातलं गवत मांडीला लागलं. येणारेजाणारे हसून विचारायचे, ‘काय भिवराबाई, राजाची सोयरीक कशी आहे?’ तीही हसायची.

मग ज्वारी निघाली आणि भिवरा पाटलांकडे गेली.

‘‘पाटील, माझे दोन वाफे तेवढे यंदा वगळा. अजून मूळ धरलं नाही त्यानं. आता गुरं शिरली तर उपटून निघेल.’’

पाटील वाईट माणूस नव्हते. म्हाळू तिथंच काठीला टेकून उभा होता, त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, ‘‘आज तुझं वगळलं, की उद्या चौघं म्हणतील आमचं वगळा. मग ह्याच्या शेळ्यांनी काय खायचं, तूच सांग.’’

भिवराला उत्तर सुचलं नाही. खरं सांगू? मलाही सुचत नाही.

तिनं वाफ्यांभोवती काट्या रचल्या. दुसऱ्या दिवशी म्हाळूनं त्या रीतीप्रमाणे बाजूला केल्या. त्याच्या मनात राग नव्हता, ते त्याचं कामच होतं. दुपारपर्यंत वाफ्यात खुरांचे खड्डे आणि उपटलेली मुळं राहिली.

पण गंमत पाहा. दुसऱ्या दिवशी गावात घरोघरी दूध वाढलं. चरवी भरून वर फेस आला. सगळ्यांना कारण कळलं. आता कुणी हसेना. उलट जो तो म्हणू लागला की गवत चांगलं आहे बुवा, लावायला पाहिजे. आणि प्रत्येकजण हेही म्हणाला की मी एकट्यानं लावलं तर भिवरासारखी माझीही गत होईल.

ज्येष्ठात भिवरानं मोरीवरच्या गवताचे ठोंब फोडले, पाटीत घातले आणि ती घरोघरी फिरली. सगळ्यांनी लावा, मग सगळेच राखतील, असं ती सांगत होती. पहिल्या घरानं सांगितलं, आधी शेजाऱ्याला विचार. शेजाऱ्यानं पलीकडचं घर दाखवलं. पाटील म्हणाले की गाव तयार झालं की मी रीत बदलतो. गाव म्हणालं, पाटलांनी रीत बदलली की आम्ही लावतो. अशी फिरून फिरून ती पुन्हा पहिल्या घरी आली. तोवर पाटीतले ठोंब वाळले होते.

त्या वर्षी दोन सरी पडल्या आणि आभाळ कोरडं झालं. डोंगर करपला. विहिरींना थोडं पाणी होतं, पण नुसत्या पाण्यावर गुरं जगत नाहीत. म्हाळू गुरं घेऊन रोज जास्त लांब जायचा आणि रोज एखाददुसरं कमी घेऊन यायचा. त्याच्या शेळ्याही गेल्या. मोरीवरचं गवत भिवरा दोन घास, चार घास कापून तांबूला घालायची. तेवढ्यावर तांबू सगळ्या गावाच्या गुरांहून एक महिना जास्त जगली. चैत्रात एका सकाळी ती बसली, ती उठली नाही.

पुढच्या आषाढात पाऊस भरपूर झाला. पाटील स्वतः भिवराच्या दारात आले आणि त्यांनी ठोंब मागितले. मोकळं रान बंद केलं, असंही सांगितलं. भिवरानं सगळे ठोंब दिले, आपल्यासाठी एकही ठेवला नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो. या गावानं तर झोपा केला, कुंपण केलं, चाराही केला.

दिवाळीला पुरुषभर गवत बांधोबांधी डुलत होतं. राजाचा कारभारी वाटेनं जाताना ते पाहून हरखला. गावानं गवत स्वीकारलं, अशी बातमी त्यानं दरबारात दिली आणि राजानं साखर वाटली. गोठ्यांत डोकावून पाहायचं कुणाला सुचलं नाही. तिथं रिकाम्या दावणी होत्या, आणि एका गव्हाणीला टेकून म्हाळू बसून असायचा, कारण त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

पाटलांनी भिवराला विचारलं, ‘‘आता तरी समाधान झालं ना तुझं? सगळ्यांनी लावलं.’’

भिवरानं गवताचं एक पातं खुडलं. मग म्हणाली, ‘‘लावलं, पाटील. पण खाणारी तोंडं कुठं आहेत?’’

त्या हिवाळ्यात तिची चूल थंड झाली. गवत मात्र अजून उभं आहे म्हणतात.

तात्पर्य : चांगलं काय ते सगळ्यांना कळूनही जिथं प्रत्येकजण शेजाऱ्याची वाट पाहतो, तिथं सगळ्यांच्या आधी उपासमार पोचते.