तांडेलाच्या लेकीचा संध्याकाळचा सौदा

फार पूर्वी, गलबतं शिडांवर चालत होती तेव्हा, समुद्रकाठच्या एका गावात गलबतांच्या वाट्यांचा बाजार भरत असे. ज्याने वाटा विकत घेतला, तो तेवढ्यापुरता गलबताचा मालक. माल सुखरूप येणार असं कळलं की वाट्याचा भाव चढे, वाईट बातमी आली की उतरे. सकाळी नगारा वाजला की बाजार उघडायचा आणि सूर्य बुडताना वाजला की बंद व्हायचा. मग उजाडेपर्यंत कुणालाही काही विकता येत नसे.

त्या गावात एक म्हातारा तांडेल आणि त्याची लेक राहत होती. तांडेलाने जन्मभर दुसऱ्यांची गलबतं हाकली होती आणि उतारवयात स्वतःचा एक मचवा बांधला होता. त्या मचव्यावर त्याचा भारी जीव. लेक बाजारात लहान गलबतांचे सौदे करायची. पदरचे पैसे थोडे होते, म्हणून तांडेलाने आपण होऊन मचवा सावकाराकडे तारण ठेवला. त्यावर सावकार तिला पदरच्या रकमेच्या तिप्पट कर्ज देई.

लहान गलबतांचा भाव झरझर चढे, म्हणून सगळ्यांना त्यांचं वेड. पण मोठ्या जहाजाच्या वाट्याला जसं केव्हाही गिऱ्हाईक मिळे, तसं यांना मिळत नसे. घेणारे मोजके, आणि भाव पडू लागला की तेही गायब.

म्हणून लेकीने एक नेम केला होता. दिवस कलला की, गिऱ्हाईक हजर असतानाच, कर्जावर घेतलेले सगळे वाटे विकायचे आणि सावकाराचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते करायचे. रात्रभर ठेवायचे ते फक्त पदरच्या पैशाचे वाटे. कित्येकदा सकाळी भाव वर उघडे आणि संध्याकाळी विकलेलेच वाटे तिला महागात परत घ्यावे लागत. लोक हसत. तिला वाईट वाटे, पण ती नेम मोडत नसे. अशी हट्टी माणसं मला तरी फार आवडतात.

एके दिवशी बातमी आली, की लवंगांनी भरलेलं 'चंद्रकोर' नावाचं छोटं गलबत जवळ आलंय. सकाळी बारा रुपयांना असलेला वाटा दुपारपर्यंत वीस रुपयांवर गेला. लेकीकडे 'चंद्रकोर'चे बरेच वाटे होते. तांडेल छाती फुगवून बाजारात आला, बघतो तर लेक विकत सुटलेली.

"अगो, काय करतेस? उद्या तीस होतील!"

"होतीलही, आबा. पण हे कर्जावरचे आहेत."

शेजारचा कापडवाला शेट मोठ्याने हसला. त्याने आपलं दुकान तारण ठेवून 'चंद्रकोर'चे वाटे घेतले होते. "तांडेलाची लेक आणि पाण्याला भिते! मी बघ, दलालाला सांगून ठेवलंय, भाव उतरून अठरावर आला की सगळं विकून टाक. मग भीती कसली?"

"शेट, दलाल रात्री घरी झोपतो," लेक म्हणाली. "गलबत रात्रीही बुडू शकतं."

सगळा बाजार हसला. चारचौघांत तांडेलाची मान खाली गेली. लेकीने सावकाराचे पैसे चुकते केले, आणि बापलेक घरी गेले.

सकाळी नगारा वाजण्याआधीच एक कोळी धावत आला. 'चंद्रकोर' खडकावर फुटलं होतं, माल बुडाला होता. माणसं मात्र खडकाला धरून जिवंत होती.

बाजार उघडला. शेटचा दलाल ओरडला, "अठरा!" कुणी वळूनही पाहिलं नाही. "पंधरा! बारा!" शेवटी एकजण म्हणाला, "सहा." भाव विसावरून थेट सहावर आला होता, मधे अठरा कुठे लागलेच नाहीत. शेटचे वाटे सहाने गेले, पदरचं सगळं बुडालं, वर कर्ज उरलं. सावकाराने दुकानाची किल्ली मागितली. लेकीच्याही पदरच्या वाट्यांचा भाव पडला, तिला ठोकर बसलीच. पण मचव्याला हात लावायचा हक्क सावकाराला राहिला नव्हता.

"तांडेल, पोरीला हे शिकवलं कुणी?" लोकांनी विचारलं.

म्हातारा ताठ उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मी नाही! मी तर काल तिला अडवत होतो. हे तिचं तिनेच ठरवलं. माझी लेक आहे ती!"

मग तो लेकीकडे वळला. "चल, सुकाणू तू धर. खडकावर माणसं वाट बघतायत."

स्वतःच्या मचव्याचं शीड त्याने स्वतःच्या हाताने उभारलं. लेकीने सुकाणू धरलं, आणि धक्क्यावर जमलेल्या साऱ्या लोकांसमोर तो मचवा खडकाच्या दिशेने निघाला.

तात्पर्य: रात्रीत काय होईल ते कुणाच्या हातात नसतं. उसन्या पैशावर किती ओझं घेऊन झोपायचं, हे मात्र संध्याकाळी आपल्याच हातात असतं.