घूसबाईंचा दुहेरी पहारा

फार जुनी गोष्ट, घुशी बिळांना दारं लावायच्या तेव्हाची. घूसबाईंनी शेंगांच्या कोठीवर खेकडा बसवला. आधी परवलीचा शब्द, मग मोरपीस. त्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, कुणाचा हुकूमही मानायचा नाही.

दुसऱ्या दिवशी भुकेल्या घूसबाईंनी शब्द ठणकावून सांगितला.

"पीस?" खेकड्यानं नांगी उगारली.

पीस कोठीतच होतं, अगदी जपून ठेवलेलं.

"अरे, मीच नेमलं तुला! चल, आजपासून पहारा बंद!"

"बंद करायलाही पीस लागतं. नियम तुमचाच."

तेवढ्यात, बुजवायच्या राहिलेल्या मागच्या चिंचोळ्या भोकातून चिचुंद्री बाहेर आली. तोंडात शेंग, डोक्यात मोरपीस. तिनं मघाशी ऐकलेला शब्द सांगितला.

खेकडा लवून म्हणाला, "या, मालकीणबाई!"

"अक्कलही पिसाशेजारीच ठेवली होती वाटतं मी," म्हणत घूसबाईंनी चिचुंद्रीपुढे पदर पसरला.