हैबतीची मोगरी

त्या वर्षी खडकगिरी महाराजांचा मुक्काम तापीकाठच्या पिंपरोळे गावी, नदीकडच्या मठीत होता. गावात श्रीरामाचा तीन मजली रथ होता. उतारावर तो आवरायचा मोगरीने, म्हणजे चाकापुढे सरकवायच्या जाड लाकडी ठोकळ्याने. ही सेवा हैबती सुतार या गरीब भक्ताच्या घराण्यात चालत आलेली.

पण पावसाळ्यात तुळई उचलताना हैबतीची कंबर गेली. उभा राहिला की डाव्या पायात टाचेपर्यंत कळ जायची. रथाचे मानकरी रंगराव देशमुख भर पारावर म्हणाले, "देवानेच तुझी सेवा नाकारली! यंदा मोगरी माझे पैलवान घालतील." लोक हसले. हैबती काठी टेकत मठीत आला आणि पायरीवरच रडू लागला.

महाराजांनी त्याला पालथे निजवले. कण्यावरून खाली जाणारे त्यांचे बोट कमरेशी थांबले. "इथे खाच लागते रे. खालचा मणका जागेवर आहे, त्याच्यावरचा पुढे सरकला आहे. म्हणून पायाची शीर दबते."

"मग महाराज, एक लाथ घालून बसवा ना तो मागे!"

"खुळा की काय तू! लाथेने मणका बसायचा नाही, पाय मात्र कायमचा जाईल. सरकला तो सरकला. आता त्याला आणखी पुढे जाऊ द्यायचे नाही. पोट आणि कंबर बळकट कर, तीच त्याला धरतील."

मग महाराजांनी स्वतः निजून दाखवले. गुडघे मुडपायचे, बेंबी आत ओढायची, कंबर जमिनीला टेकवून दहा वेळा रामनाम घ्यायचे आणि सैल सोडायचे; असे रोज दहा वेळा. मागे वाकायचे नाही. उचलायचे ते गुडघ्यांत बसून, अंगाशी धरून. रोज सपाटीवर चालायचे. "आणि पाय लुळा पडू लागला किंवा लघवी अडली, तर माझी वाट पाहू नकोस. तडक वैद्य गाठ!"

"आणि आपली कृपा, महाराज?"

"ती आहेच. पण निजायचे तुलाच आहे."

हैबतीने ते वचन घट्ट धरले. पत्नी सगुणा पहाटे घोंगडी अंथरी, तो निजून नामाबरोबर पोट आवळी. कधी कळ इतकी येई की चारच वेळा जमे. तो चार वेळा करी, पण चुकवीत नसे. देशमुख दारावरून जाताना म्हणत, "सुतार आता निजूनच रथ आवरणार!" हैबती नाम चालूच ठेवी. दिवाळीला काठी सुटली. माघात तो नदीपर्यंत चालू लागला.

रामनवमीला रथ वेशीच्या उतारावर आला आणि मागचा दोर तुटला! रथ धडधडत सुटला. पैलवान मोगऱ्या टाकून पळाले. पुढे चालणारे देशमुख धोतरात अडकून पडले, ते थेट चाकासमोर.

गर्दीतून हैबती धावला. गुडघ्यांत बसला, मोगरी पोटाशी धरून उचलली, पाठ ताठ ठेवून चाकासमोर लोटली. "महाराज, धरा!" तो ओरडला.

रथ जागच्या जागी थांबला. देशमुखांच्या छातीपासून वीतभर अंतरावर! लोकांनी वाकून पाहिले, तर चाक मोगरीला लागलेच नव्हते. मध्ये चार बोटे जागा होती. काय ही लीला!

देशमुख तसेच मठीकडे धावले, मागून सारा गाव. महाराज ओट्यावर बसले होते. सकाळपासून ते तिथून हलले नव्हते, असे सेवेकऱ्यांनी सांगितले. मात्र त्यांचे दोन्ही तळवे चाकाच्या काळ्या वंगणाने माखले होते.

देशमुखांनी लोटांगण घातले. "महाराज, आपण वाचवलेत!"

"मी नुसता हात लावला," महाराज म्हणाले. "आठ महिने कष्ट केले ते त्याने. हैबती, कंबर दुखते का रे अजून?"

"दुखते, महाराज. पण धरते."

देशमुखांनी डोक्यावरचा मानकऱ्याचा फेटा उतरवला, तो हैबतीच्या पायांशी ठेवला आणि साऱ्या गावादेखत त्याच्यापुढे मस्तक टेकले.