लेवीच्या अर्ध्या पायऱ्या

कोळखडीच्या या डोंगराला पायऱ्या आहेत, पण त्या वरपर्यंत जात नाहीत. पायथ्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळापासून निघतात, चांगल्या रुंद, पाय नीट मावेल अशा, आणि अर्ध्याच्या थोड्या वर त्या काळ्या खडकाशी येऊन थांबतात. तिथून पुढं कुसळी गवत, पायाखालून सरकणारे दगड, आणि अगदी माथ्यावर आमचं कबरस्तान. पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच असतो, की बाबा, काम मध्येच का सोडलं? तुम्हीही तेच विचारलंत. बसा इथं पायरीवर. दम खाऊन घ्या, तोवर सांगतो.

मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं, आणि तिनं तिच्या लहानपणी लेवीला म्हातारपणी बघितलं होतं म्हणे.

तेव्हा गावातली ख्रिस्ती घरं थोडीच. खाली सगळी जमीन दुसऱ्यांची, म्हणून मेलेल्यांना पुरायला हा माथा मिळाला, जिथं कुणाची गुरंसुद्धा चरायला जात नव्हती. पावसानं दगा दिला होता आणि पाण्यासाठी बायका ओढ्यात झरे उकरत बसायच्या. मग देवळाजवळ विहीर खणायचं ठरलं. ती बघा, चिंचेपलीकडं दिसते ती. वरची माती निघाली, मुरूम निघाला आणि मग लागला खडक. तो फोडायला दोन गडी खाली उतरायचे. एक लेवी ओहोळ, पाथरवट, अंगानं दणकट. दुसरा दानियल, हन्नाबाईचा एकुलता एक पोरगा, नुकतं मिसरूड फुटलेला. हन्नाबाई विधवा. मायलेकांखेरीज त्या घरात कुणी नव्हतं.

सुरुंग ठासायचा, लांब वात पेटवायची आणि एकामागून एक दोरानं वर यायचं, अशी त्यांची रीत होती. त्या दिवशी आधी दानियलनं वर जायचं होतं. पण वातीत काय बिघाड होता कोण जाणे, ती भरभर जळत सुटली. दानियलनं दोराच्या फासात पाय घातलाही होता. लेवीनं त्याला धरून मागं ओढलं आणि स्वतः दोर पकडला. वरच्या गड्यांना धुरात काही दिसलं नाही. दोर जड झाला एवढं त्यांना कळलं, त्यांनी ओढला. लेवी काठावर आला आणि खाली सुरुंग उडाला.

त्याच सुरुंगानं विहिरीला पाणी लागलं, असं सांगतात.

लोकांनी अपघात म्हटलं. लेवीला कुणी बोल लावला नाही, उलट त्याच्या पाठीवरून हात फिरवले. हे त्याला सोसेना. दानियलला माथ्यावर पुरून आल्यावर काही दिवसांनी तो हन्नाबाईच्या दारात गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "मावशी, पाय त्यानं घातला होता. मी त्याला ओढलं." हन्नाबाईनं ऐकून घेतलं. उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

लेवी त्या लावलेल्या दारासमोर किती वेळ उभा होता, हे कुणी सांगत नाही. पण तो तिथून निघाला तो घरी गेलाच नाही. या डोंगराच्या पायथ्याशी त्यानं कुडाची खोपटी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून छिन्नी-घण घेऊन पहिली पायरी कोरायला लागला.

कारण एवढंच होतं. हन्नाबाई दर रविवारी उपासना झाली की मुलाच्या कबरेवर जायची. गुडघे धरलेले, हातात काठी, दगडांवरून घसरत, कधी बसत, कधी चक्क रांगत. लेवीनं मनाशी ठरवलं, की या बाईला लेकापर्यंत नीट चालत जाता येईल अशी वाट करायची. ती वाट पुरी झाली की देवळात पाऊल टाकायचं, प्रभुभोजन घ्यायचं. तोवर नाही.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या देवळाचा धर्मगुरू, भला माणूस होता. पहिली काही वर्षं तो डोंगरावर यायचा. म्हणायचा, "लेवी, तारण कुणाला कमवून मिळालेलं नाही रे. ते कृपेनं मिळतं. तू नुसता ये." लेवी हातातलं काम न थांबवता म्हणायचा, "येतो साहेब. एवढं झालं की येतो." दुसरं कधी काही बोललाच नाही. हळूहळू साहेबही यायचे थांबले.

मग डोंगरावर लेवी एकटा. सकाळी उन्हं यायच्या आत घण सुरू व्हायचा तो तिन्हीसांजेपर्यंत. विहिरीचं पाणी सगळा गाव प्यायचा, हा मात्र घागर घेऊन लांब ओढ्यावर जायचा. नाताळात खाली गाणी चालायची तेव्हा खोपटीत दिवासुद्धा लावायचा नाही म्हणे. आई-बाप गेले, भाऊ गाव सोडून कामाला लांब निघून गेला. बोलायला कुणी नाही, तेव्हा त्याची बोलायची सवयच मोडली. रविवारी हन्नाबाई येताना दिसली की तो पायऱ्या सोडून बाजूला घाणेरीच्या जाळीत जाऊन बसायचा, ती उतरून जाईपर्यंत. ती त्याच्या पायऱ्यांवरून चढायची. जिथं पायऱ्या संपायच्या तिथं थोडी थांबायची आणि पुढं खडकाळीतून रांगत जायची. त्यानं हे जाळीतून बघायचं, आणि ती खाली गेली की पुन्हा घण उचलायचा.

अशी वर्षं गेली. दोघं एका गावात राहत होती, एका डोंगरावर चढत होती, पण एकमेकांशी एक शब्द नाही. पुढं हन्नाबाईला चढणं जमेना. ती घरातच बसून असायची. तिच्या घरी येणारा एकच आवाज होता, तो घणाचा. भाकरी थापताना, धान्य निवडताना, दुपारी जरा पडली असताना, डोंगरावरून तो ठोका यायचा.

आणि पायऱ्या या काळ्या खडकाशी आल्या. हात लावून बघा, लोखंडच आहे. लेवीनं छिन्न्या मोडल्या, घणाचे दांडे मोडले. खडकाचा टवकाही निघेना. तोवर त्याची बोटं वाकडी झाली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. तरी तो त्या एकाच जागी मारत राहिला.

एका सकाळी घणाचा आवाज आला नाही.

हन्नाबाई चुलीपुढं होती. तिनं वाट बघितली. उन्हं अंगणात आली तरी आवाज नाही. मग ती उठली, भाकरी फडक्यात बांधली, काठी घेतली आणि डोंगराकडं निघाली. बायका म्हणाल्या, "आत्या, तुमच्यानं चढवणार आहे का?" एकेक पायरी बसत, टेकत ती वर आली. लेवी शेवटच्या पायरीवर पडला होता. अंगात ताप, घण बाजूला, हाताच्या कातडीतून रक्त आलेलं. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्यानं डोळे उघडले. तिला बघून तो उठायला धडपडला. जाळीत जाऊन लपायची सवय ना. तिनं त्याला दाबून धरलं.

"मावशी," तो म्हणाला, "पायऱ्या पोचल्या नाहीत अजून."

"कुठं पोचायच्या होत्या?"

"दानियलपर्यंत."

"दानियल प्रभूजवळ आहे. आणि मी तर एवढा सगळा काळ खालीच होते, लेवी. माझ्यापर्यंत यायला तुला एकही पायरी लागत नव्हती."

तो म्हणाला, "तुम्ही दार लावलंत."

"लावलं. आत जाऊन ऊर फुटेस्तोवर रडले. उघडलं तेव्हा तू गेला होतास." मग ती म्हणाली, "खोटं नाही बोलत. किती पावसाळे मी तुला शिव्याशाप दिले. देवापुढं बसून दिले. आणि एका सकाळी उठले तर तोंडात शापच येईना. मी काही केलं नव्हतं. देवानंच कधीतरी ते काढून घेतलं. त्याच दिवशी तुला सांगायला आले होते. खालून हाका मारल्या. तू घण घालत होतास, तुला ऐकू गेलं नाही. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आता यानंच यावं. तिथं माझं चुकलं."

लेवी रडायला लागला. म्हणाला, "मी तुम्हाला काय देऊ? माझ्याकडं काहीच नाही. या पायऱ्यासुद्धा अर्ध्याच."

"आपल्या पापांसाठी क्रूसावर जे व्हायचं होतं ते होऊन गेलंय. त्यात तुझी एक पायरी घालायची राहिली होती का?"

"मला हे खरं वाटत नाही, मावशी."

"खरं मानायचं तेवढंच तुझ्याकडं उरलंय," ती म्हणाली. "बाकी काही नाही. भाकरी खा."

त्याला भाकरी धरता येईना. तिनं तुकडे करून भरवली.

कुणी म्हणतात, त्या वेळी काळा खडक तडकला आणि त्यातून झरा फुटला. तसं काही झालं नाही. खडक तुमच्यासमोर आहे, जसाच्या तसा. गावातली माणसं वर आली आणि दोघांना खाली घेऊन गेली, एवढंच झालं. पुढच्या रविवारी लेवी देवळाच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थबकला. पाय आत पडेना. तेव्हा हन्नाबाई आपल्या जागेवरून उठली आणि चपला काढतात तिथं त्याच्याजवळ येऊन बसली. पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन बाहेर आले. लेवीनं हात पुढं केले, पण बोटं मिटेनात. साहेबांनी त्याच्या उघड्या तळव्यावर भाकरीचा तुकडा ठेवला.

पुढं तो हन्नाबाईच्या पडवीत राहिला, तिच्या लेकासारखा. घण त्यानं पुन्हा उचलला नाही.

काही वर्षांनी हन्नाबाई गेली. तिला माथ्यावर न्यायची होती, दानियलजवळ. गावातले तरुण म्हणाले, "लेवीकाका, आम्ही नवीन पहारी आणतो, हा खडक फोडतो. आता तिच्यासाठी तरी पायऱ्या पुऱ्या करू." लेवी म्हणाला, "नको. इथून पुढं तिला उचलूनच न्यायची." मग खांदा द्यायला तो पुढं झाला, पण त्याच्या हातांना शवपेटी धरवेना. लोकांनी त्याला हळूच बाजूला केलं. दुसऱ्यांनी तिला उचललं, खडकावरून, गवतातून, हातोहात. लेवी मागून चालत गेला, दोन्ही हात रिकामे.

तेव्हापासून आजही कोळखडीत कुणी गेलं की घरची माणसं पेटी खांद्यावर घेऊन या शेवटच्या पायरीपर्यंत येतात. इथं ती खाली टेकवतात. पुढं घरच्यांनी हात लावायचा नाही. ज्यांचं नातं नाही, गोत नाही, कधी ज्यांच्याशी वैर असतं, ते पुढं होऊन पेटी उचलतात आणि वर नेतात. घरच्यांनी मागून रिकाम्या हातांनी चालायचं.

मागच्या उन्हाळ्यात माझी बायको, मार्था, गेली. खालपासून तिला मी खांद्यावर आणली, या वयातही. सगळे म्हणत होते, बाबा, खांदा बदला. मी बदलला नाही. इथं आलो आणि माझ्या खांद्यावरून पेटी ज्यानं घेतली, त्याच्याशी बांधाच्या भांडणावरून मी कित्येक वर्षं बोललेलो नव्हतो. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. घेतली आणि चढायला लागला. मला काही सुचेना. एवढा वेळ धरून ठेवलेले हात एकदम मोकळे झाले की त्यांचं काय करावं, ते कळत नाही. मी ते तसेच उघडे धरून त्याच्या मागून चालत गेलो.