वस्तादाने हात बांधून घेतले

एक होता वस्ताद, बंदुका घडवण्यात उभी हयात घालवलेला. त्याच्या तारुण्यात लोखंड कसं यायचं म्हणाल, तर हाती लागेल तसं. एक तुकडा मऊ, दुसरा कडक, तिसऱ्याचा भरवसाच नाही. म्हणून प्रत्येक भागावरून कानस फिरायचीच, आणि एका बंदुकीचा चाप दुसरीला म्हणून बसायचा नाही.

त्याच्या हाताखाली एक शिष्य बारा वर्षं राबत होता. हातात कसब होतं, आणि ते आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. आता त्याचं सगळं चित्त लागलं होतं ठशावर. वस्तादाने ठसा दिला, की नळीवर स्वतःची खूण ठोकायची आणि आपलं दुकान थाटायचं. नाही दिला, तर जन्मभर दुसऱ्याच्या नावाने घासत बसायचं.

अशात शहरातल्या कारखान्यातून दहा बंदुकांचे सुटे भाग जोडणीला आले. पोलाद यंत्रावर कातलेलं, दस्ते लाकडाऐवजी काळ्या प्लास्टिकचे. शिष्याने एक दस्ता उचलला आणि नाक मुरडलं.

"वस्ताद, ही बंदूक आहे की कंगवा?"

"एक तू जोड," वस्ताद म्हणाला. "नीट जोडलीस तर ठसा तुझा."

शिष्य तीन दिवस जागचा हलला नाही. एकूण एक भाग त्याने कानशीने घासला, तासला, आरशासारखा चकचकीत केला. चौथ्या दिवशी बंदूक वस्तादापुढे ठेवली आणि ठशासाठी तळहात पुढे करूनच बसला.

वस्तादाने बंदूक खोलली. तिचे भाग उरलेल्या नऊ बंदुकांच्या भागांत ओतले, भेळ कालवावी तसे कालवले आणि बायकोला हाक मारली.

"अगं, माझं उपरणं आण आणि हात मागे बांध. घट्ट."

"या वयात कुठे चोरी केलीत?" असं म्हणत तिने बांधले.

"आता या बंदुका तू जोड."

"मी? अहो, माझी कणीक भिजवायची राहिलीय!"

"मी सांगतो तसं लाव. खुळखुळेल तो भाग बाजूला टाक, दुसरा घे."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं शिष्याला वाटलं. पण ती जोडत गेली आणि भाग खटाखट बसत गेले. स्वयंपाकाच्या वेळेआधी नऊ बंदुका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाजूला टाकलेल्या ढिगाकडे शिष्याने पाहिलं. त्यातला एक अन् एक भाग चकचकत होता. त्याचा चेहरा उतरला.

"पण वस्ताद, हात का बांधून घेतलेत?"

"अरे, गेल्या महिन्यात असेच भाग आले होते. पाच चाप मी घासून वाया घालवले! पन्नास वर्षांची सवय. डोकं 'नको' म्हणेपर्यंत हात कानशीपाशी पोचलेला असतो. जुनं लोखंड अडाणी होतं, त्याला शिकवावं लागे. हे पोलाद शिकून आलंय. आधी त्याच्यात काय पुरं आहे ते पाहावं, उणं असेल तिथेच हात लावावा. उणं नसेल तर हात आवरणं हीसुद्धा कारागिरीच, आणि ती मला अजून यायची आहे. आता सोड बाबा, पाठ खाजतेय."

शिष्याने गाठ सोडली. वस्तादाने पाठ खाजवली, मग कनवटीचा ठसा काढून त्याच्या हातावर ठेवला. शिष्य आनंदाने उभ्या बंदुकांकडे धावला.

"तिकडे कुठे? त्या हिने जोडल्या. तुझ्या हातची या ढिगात आहे. ती जोड आणि तिच्यावर ठोक तुझं नाव."

शिष्याने ढिगातला एक चकचकीत भाग उचलला आणि परत ढिगात टाकला. मग माघारी आला आणि ठसा त्याने वस्तादापुढे ठेवला.

"पुढचे भाग येऊ द्या. तेव्हा मागेन."

बारा वर्षं वस्ताद त्याला 'अरे' म्हणत आला होता. त्या दिवशी म्हणाला, "बसा कारागीर, जेवून जा."

आमटी चाखण्याआधीच तिच्यात मीठ टाकणारे हात घरोघरी असतात. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.