पहिला शब्द कुणाचा?

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचे नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिथे एक नावाजलेली वैद्यशाळा होती. रोगी तपासायची तिची रीत जरा उलटी होती. खाटेभोवती सगळे जमले की सर्वांत नवा शिष्य आधी बोलायचा आणि गुरू सर्वांत शेवटी.

वैद्यशाळेचे आचार्य आता थकले होते. त्यांच्या हाताखाली दोन वैद्य होते, एक थोरला आणि एक धाकटा. गादी द्यायची कुणाला? थोरल्या वैद्याला वाटे, यात विचारण्यासारखे आहेच काय! सगळे ग्रंथ त्याला तोंडपाठ होते. पण शिष्य मात्र सदा धाकट्या वैद्याच्या मागे. हा धाकटा चारचौघांत खुशाल म्हणायचा, "माझं चुकलं रे, तुझंच बरोबर आहे." आणि तरी लोक त्यालाच मान देत! ते पाहून थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घास गोड लागेना. कुठे शिष्य हसताना ऐकू आले, तरी त्याला वाटे, तिथे धाकटाच असणार.

आचार्यांनी दोघांना एकेक दालन सोपवले. "तीन महिने सांभाळा, मग ठरवू," ते म्हणाले.

थोरल्याने पहिल्याच दिवशी जुनी रीत मोडली. "पोरासोरांचं काय ऐकत बसायचं? आधी मी सांगणार." आपली विद्या सर्वांना दिसावी आणि धाकट्याचे नाव मागे पडावे, एवढेच त्याच्या मनात होते.

एके दिवशी तापाने फणफणलेली एक कुंभारीण आली. थोरल्याने नाडी धरली, श्लोक म्हटला आणि सांगून टाकले, "हिवताप!" शिष्यांनी माना डोलावल्या. काढे सुरू झाले. पाच दिवस ताप उतरेना, सहाव्या दिवशी ती बरळू लागली. थोरला घाबरला, पण धाकट्याला बोलवायचे त्याच्या अगदी जिवावर आले. शेवटी आचार्यांनीच त्याला बोलावून घेतले.

धाकट्याने नाडीला हात लावण्याआधी सर्वांत नव्या शिष्येला विचारले, "बाळ, तुला काय दिसतं?"

ती चाचरत म्हणाली, "हिच्या टाचेत काटा मोडलाय, आत पू झालाय. पहिल्या दिवशी पाय पुसताना मी पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" थोरला ओरडला.

"तुमचं सांगून झालं होतं, गुरुजी."

कुंभारणीचा जीव वाचला, पण पाऊल कापावे लागले. माती तुडवायचे पाऊल होते ते. ती शुद्धीवर आली तेव्हा थोरला तिच्या खाटेशी मान खाली घालून उभा होता.

ती क्षीण आवाजात म्हणाली, "पाय ठणकतोय असं मीही सांगणार होते, वैद्यबुवा. तुम्ही विचारलंच नाही."

गादी धाकट्याला मिळाली. त्या दिवशी थोरल्याला त्याचा हेवा वाटला नाही. स्वतःचीच लाज वाटली.

तात्पर्य : ज्याच्यासमोर लहानातल्या लहानालाही न भिता बोलता येते, तोच खरा मोठा.