फोटोत नसलेले ओद्वार

"मग मी चेंडू मागायचाच नाही का?" सिवर्टनं विचारलं.

ओद्वार फावड्यानं बर्फ उचलून कडेला टाकत राहिले.

नॉर्वेच्या उत्तर टोकाचं ते कोळ्यांचं गाव. ओद्वार तिथलेच. तरुणपणी ते देशाच्या फुटबॉल संघात मिडफिल्डर होते. परदेशातल्या मोठ्या क्लबांकडूनही खेळले. त्यांच्या शेजारी खेळलेला जो तो सांगे, ओद्वार असले की माझा खेळ सुधारायचा. खेळणं संपलं तसे ते गावी परतले आणि मासे वाळवायचे लाकडी मांडव दुरुस्त करू लागले.

सिवर्ट राजधानीतल्या संघात त्याच जागेवर खेळायचा. पायांत जादू होती. तरी कोचनं त्याला बाहेर बसवलं होतं. कोचचं म्हणणं, याला चेंडूशिवाय काही दिसतच नाही. शनिवारी शेवटची संधी. ती गेली की संघातून नाव जाणार.

"आधी ओद्वारना भेटून ये," कोच म्हणाला होता.

म्हणून तो आला होता.

"मी काहीतरी विचारलं, ओद्वारकाका."

"ऐकलं मी."

त्या गावचा रिवाज असा, की मैदानावरचा बर्फ सगळ्यांनी मिळून काढायचा. म्हातारी माणसंही फावडी घेऊन आली होती. गोलसमोरचा तुकडा मोकळा झाला, तसा सिवर्ट तिथे जाऊन चेंडू पायावर झेलू लागला. गुडघ्यावर, टाचेवर, पुन्हा पायावर. चेंडू काही खाली पडेना.

ओद्वारांची बहीण गुन्वोर कॉफीचा थर्मास घेऊन आली. घटकाभर बघत उभी राहिली.

"पाय छान चालतात हो याचे," ती म्हणाली. "हात मात्र गारठलेले दिसतात."

लोक हसले. सिवर्टचे कान लाल झाले.

ओद्वार त्याला क्लबच्या खोलीत घेऊन गेले. फावडं दाराशी टेकवलं. आत भिंतीवर एकच फोटो होता, देशाला मोठा सामना जिंकून देणाऱ्या गोलचा.

"हा माझ्याही खोलीत होता, लहानपणी," सिवर्ट म्हणाला. "पण यात तुम्ही नाही."

"नीट बघ."

सिवर्ट जवळ गेला. गोल मारणारा अगदी एकटा होता. समोरच्या संघाचे दोन बचावपटू दिसत होते, पण त्यांची तोंडं भलतीकडेच. दोघेही फोटोच्या बाहेर कुठेतरी बघत होते.

"हे दोघं कुठे बघताहेत?"

ओद्वारांनी हातमोजा काढला. चौकटीपासून वीतभर दूर, उघड्या भिंतीवर बोट टेकवलं.

"मी इथे धावत होतो. कोपऱ्याकडे."

"...चेंडू तिकडे येणार होता?"

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि त्यांना?"

"त्यांना वाटलं, येणार."

सिवर्ट त्या जागेकडे बघत राहिला. तिथे नुसती लाकडी फळी होती.

"म्हणजे लोकांना हे कधी कळलंच नाही..."

"याला कळलं." ओद्वारांनी गोल मारणाऱ्याकडे मान वळवली. "अजून दर नाताळात फोन करतो. फार बोलतो."

सिवर्ट हसला नाही. त्याचा आवाज खाली आला.

"शनिवारी मी असाच धावलो, आणि कोचनं पाहिलंच नाही तर? माझं सगळं संपेल, काका."

बाहेर फावड्यांचा आवाज चालूच होता...

ओद्वारांनी दाराशी टेकवलेलं आपलं फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"पलीकडचा कोपरा राहिलाय," ते म्हणाले. "तिथे कुणी खेळत नाही."